काहीतरी टाका!

पाणी दिसलं की त्यात काहीतरी टाकावंसं वाटणं ही आपली जुनी खोड आहे. गाडी पुलावर आली की डब्यातली माणसं खिडकीशी सरकतात आणि नदीत नाणं भिरकावतात. विहिरीत डोकावणारं पोर आधी खडा टाकतं, मग खोली विचारतं. घरच्या माठात वाळा पडतो, मोगरा पडतो, पावसाळ्यात तुरटी फिरते. या हौसेच्या हाती दीड लाख लिटर पाणी आलं, आणि वर ठराव करण्याचा अधिकारही आला, तर काय होतं हे आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलने एका उन्हाळ्यात दाखवून दिलं.

पूल तसा बेताचाच. पंधरा मीटर लांब, आठ मीटर रुंद, सव्वा मीटर खोल. बिल्डरच्या जाहिरातपत्रकात त्याच्या काठावर नारळीची झाडं होती आणि आरामखुर्चीत पहुडलेली एक गोरी बाई होती. ताबा घेताना पूल तेवढा मिळाला. पण पुण्याच्या बाहेर सरकत चाललेल्या टोकाला, जिथे प्यायचं पाणी टँकरने येतं तिथे पोहायला पाणी आहे, याचा अभिमान सगळ्यांनाच होता. पाहुण्यांना गच्चीच्या आधी पूल दाखवला जाई.

मे महिन्यात मुलांना सुट्ट्या लागल्या आणि पाण्याचा रंग फिरला. हिरवं झालं असतं तर शेवाळ म्हणून मोकळे झालो असतो. हे हिरवं नव्हतं. पांढुरकं, पातळ ताकासारखं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलेल्या माणसाला स्वतःचे पाय दिसेनात. जीवरक्षक मुलाने त्याच संध्याकाळी दोरी बांधून पूल बंद केला. तळातली ड्रेनची जाळी काठावरून दिसत नसेल तर कोणालाही उतरू द्यायचं नाही, असा त्यांच्या धंद्यातला नियम आहे आणि तो रास्तच आहे. बुडालेला माणूस ओरडत नाही. तो तळाशी दिसावा लागतो.

यावर मंडळींनी खात्री करून घ्यायची ठरवलं. तळाशी टाकलेल्या नाण्याचा छापा की काटा हे काठावरून ओळखता आलं तर पाणी स्वच्छ, अशी एक परीक्षा आहे म्हणे. लगेच एकाने खिशातून नाणं काढून टाकलं. ते दिसलंच नाही. ‘कितीचं होतं?’ यावर थोडा वाद झाला; हल्लीचं एक आणि दोनचं नाणं तळहातावर घेऊनही ओळखू येत नाही, हा मुद्दाही निघाला. ए विंगच्या आजोबांना हे सगळं थोतांड वाटत होतं. ते मिरजेकडचे. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून थोरल्या भावाने विहिरीत ढकललं आणि ते पोहायला शिकले. ‘आमच्या विहिरीचा तळ आजतागायत कोणी पाहिलेला नाही,’ असं ते छाती फुगवून सांगत. त्या विहिरीत दिवसाला पाच-दहा पोरं मुटके मारायची, खालून झरे होते आणि वरून मोट किंवा पंप पाणी उपसून शेताला देत होता. पाणी बदलतं राहायचं. आमच्या पूलमध्ये तेच पाणी वर्षभर आंघोळ न केलेल्या लोकांची वाट पाहत उभं असतं. ‘पाण्यात उतरण्यापूर्वी शॉवर घ्यावा’ अशी पाटी आहे खरी. तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालतात.

पूलच्या गढूळपणाला खरं तर फारसं गूढ काही नाही. डोक्याचं खोबरेल, अंगाचं सनस्क्रीन, घाम, सुती चड्ड्यांचे तंतू, मेमधल्या वळवाच्या आधीची धूळ, आणि लहान मुलांच्या बाबतीत ज्याचा उल्लेख सभेत झाला नाही ते. या सगळ्याशी क्लोरीन झुंजतं. झुंजता झुंजता घामातल्या आणि मूत्रातल्या नायट्रोजनशी त्याची गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतं. पूलवर गेल्यावर नाकात जातो तो ‘क्लोरीनचा वास’ बहुतेक वेळा या क्लोरामाइनचा असतो. म्हणजे वास जेवढा उग्र, तेवढं कामाचं क्लोरीन कमी उरलेलं. आमच्याकडे मात्र वास आला की लोक समाधानाने म्हणायचे, ‘आज औषध चांगलं मारलंय.’

समितीची सभा क्लबहाउसमध्ये भरली. अजेंड्यावर विषय एकच होता, पण त्यावर उपस्थित प्रत्येकाकडे उपाय होता आणि प्रत्येक उपायाचं क्रियापद ‘टाका’ हे होतं. तुरटी टाका. ब्लीचिंग पावडर टाका. खाण्याचा सोडा टाका. सी विंगमधल्या एका बाईंच्या माहेरी टाकीत शेवग्याच्या बिया टाकत. एकाने मासे टाका म्हटलं, पण तो बहुधा विनोद असावा. सेक्रेटरींनी सगळं लिहून घेतलं.

यात आपण काही नवं करत नव्हतो, एवढं मात्र म्हणता येईल. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्याचे सात उपाय सांगितले आहेत. निवळीचं बी, गोमेद, कमळाचा कंद, शेवाळाची मुळं, वस्त्र, मोती आणि मणी. यादी नीट पाहिली तर कळेल, सातांपैकी सहा गोष्टी पाण्यात टाकायच्या आहेत. गाळायची वस्तू एकच, वस्त्र, आणि तीही पाचव्या क्रमांकावर. (मोती आणि गोमेद खजिनदारांच्या कानावर घालायचे मी टाळले.) निवळीचं बी मात्र खरोखर काम करतं. कुचल्याच्या जातकुळीतलं हे झाड; त्याचं बी सहाणेवर किंवा मडक्याच्या आतल्या अंगाला घासायचं, वर पाणी ओतायचं, की थोड्या वेळात गाळ खाली बसतो. मनुस्मृतीत तर यावरून एक टोमणाही आहे: निवळीचं फळ पाणी स्वच्छ करतं हे खरं, पण नुसतं तिचं नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही. हे वाचल्यावर मला आमच्या समितीचं इतिवृत्त आठवलं.

आता तुरटीनं पाणी निवळतं तरी कसं, हे थोडं जवळून पाहण्यासारखं आहे. पाणी पांढुरकं करणारे कण फार बारीक असतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. पूलचा वाळूचा फिल्टर वीस-तीस मायक्रॉनपर्यंतचे कण अडवतो. आणि हे कण एक-दोन मायक्रॉनचे. ते फिल्टरमधून सहज निसटतात. बरं, आपोआप खाली बसतील म्हणावं, तर एक मायक्रॉनचा मातीचा कण अगदी निश्चल पाण्यात सव्वा मीटर उतरायला जवळजवळ पंधरा दिवस घेतो. आणि पूलमधलं पाणी निश्चल कधी असतं? त्यातून या सगळ्या कणांवर एकाच जातीचा, ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलत राहतात. जवळ यायचं नाव नाही. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम धन भार घेऊन मध्ये पडतं, त्यांचं भांडण मिटवतं, आणि कण एकमेकांना चिकटून पिंजलेले पुंजके होतात. तोच मातीचा कण दहापट जाड झाला तर शंभरपट वेगाने खाली जातो. पंधरा दिवसांचा प्रवास चार तासांवर येतो. पुंजके पोकळ असल्याने एवढा हिशेब जुळत नाही, पण रात्रभरात गाळ बसतो.

अट एवढीच की तुरटी बेताची हवी, पंप बंद हवा आणि कोणी पाण्यात हात घालता कामा नये. आमच्याकडे तुरटी पोत्याने आली. बेताहून जास्त तुरटी पडली की कणांवर उलट, धन भार चढतो आणि ते पुन्हा एकमेकांना ढकलू लागतात. शिवाय सकाळी सात वाजता खजिनदारांनी काठीने ढवळून ‘बसला का गाळ’ ते पाहिलं.

मग सुरू झालं ते मारुतीचं शेपूट. तुरटीमुळे पाणी आम्लधर्मी झालं, म्हणून वॉशिंग सोडा टाकला. आमच्याकडे टँकर बोअरचं पाणी आणतो, चुन्याने भरलेलं. त्यात सोडा पडल्यावर पीएच चढला आणि तो चुना खडूच्या भुकटीसारखा बाहेर पडून पाणी आणखी पांढरं झालं. पीएच चढल्याने क्लोरीनही निम्म्याहून मेलं. साडेसातच्या पीएचला क्लोरीनचा साधारण अर्धा भाग जंतू मारायच्या कामाचा असतो, साडेआठला जेमतेम दहावा भाग. क्लोरीन कमी म्हणून ब्लीचिंग पावडर टाकली. ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, चोथा खाली बसू देऊन, वरचं पाणी ओतायचं असतं. आमच्या उत्साही सभासदाने पाकीटच उलटं केलं. तो चोथा म्हणजे पुन्हा चुना. रोग परवडला पण औषध नको, असं म्हणायची वेळ आली तेव्हा कोणीतरी अ‍ॅसिड टाकायला निघालं. तेवढं मात्र पूलच्या माणसाने हात धरून थांबवलं. ब्लीचिंग पावडरवर अ‍ॅसिड पडलं तर जो वायू निघतो तो पहिल्या महायुद्धात शत्रूवर सोडत असत. पावडर आणि क्लोरीनच्या गोळ्या एका बादलीत कालवणंही तितकंच जिवावर बेतणारं. आग लागते, स्फोट होतो. पंपाच्या खोलीत हे दोन डबे शेजारी शेजारी ठेवलेले होते आणि वर उदबत्तीचं घर होतं.

रोज संध्याकाळी चाचणी व्हायची. प्लॅस्टिकची एक पेटी, तिला दोन नळ्या. एकीत पाच थेंब टाकले की क्लोरीनप्रमाणे पिवळा रंग येतो, दुसरीत पीएचप्रमाणे लाल. बाजूला छापील रंगांची पट्टी. पूलचा माणूस पेटी उजेडाकडे धरायचा आणि त्याच्या खांद्यावरून चार डोकी वाकायची. पिवळा कोणता, यावर एकमत कधीच झालं नाही. एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यांना सगळेच रंग प्रथमच इतके छान दिसत होते.

समिती खचली तेव्हा मी त्यांना रिओची गोष्ट सांगितली. दिलासा म्हणून ती फार उपयोगी आहे. २०१६ साली ब्राझीलमध्ये ऑलिंपिक भरलं. मारिया लेंक जलतरण केंद्रात दोन पूल शेजारी शेजारी, एक डायव्हिंगचा आणि एक वॉटरपोलोचा. ९ ऑगस्टला डायव्हिंगचा पूल रातोरात हिरवा झाला. शेजारचा अजून निळा होता, त्यामुळे जगभरच्या टीव्हीवर दोन्ही एका चौकटीत छान उठून दिसले. टॉम डेली या ब्रिटिश डायव्हरने फोटो टाकून काय झालं म्हणून विचारलं. काय झालं हे कोणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी निळाही हिरवट दिसू लागला आणि तुलनेची सोय संपली.

मग खुलाशांची रांग लागली. शेवाळ आहे, ऊन फार आहे, वारा नाही. क्षारता कमी झाली. एका प्रवक्त्याने तर रसायनशास्त्र हे काही अचूक शास्त्र नव्हे, असंही सांगून टाकलं. आमच्या सेक्रेटरींना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते लिहून घेतलं. वाढवलेल्या क्लोरीनने वॉटरपोलोवाल्यांचे डोळे चुरचुरू लागले. शेवटी कळलं ते असं: ५ ऑगस्टला, म्हणजे उद्घाटनाच्याच दिवशी, एका कंत्राटदाराने पाण्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं होतं. हेतू चांगला. पेरॉक्साइडही पाणी स्वच्छ करतं. क्लोरीनही करतं. पण दोघं एकत्र आले की एकमेकांना संपवतात आणि पाण्याला वाली उरत नाही. कलात्मक जलतरणाच्या मुलींना तर पाण्याखाली एकमेकींचे हातपाय दिसावे लागतात. तेव्हा आयोजकांनी वॉटरपोलोच्या पूलचं पाणी सोडून दिलं आणि शेजारच्या सरावाच्या पूलमधून ३७ लाख लिटरहून जास्त स्वच्छ पाणी आणून भरलं. १४ ऑगस्टला स्पर्धा वेळेवर झाली. आमच्या खजिनदारांनी गोष्ट ऐकून एकच प्रश्न विचारला, ‘त्या कंत्राटदाराचं बिल पास झालं का?’

एवढ्या सगळ्या काळात पूल सांभाळणारा माणूस काय म्हणतो हे कोणी विचारलं नव्हतं. तो लातूरकडचा, चार सोसायट्यांचे पूल सायकलवरून फिरून पाहणारा. त्याला सगळे दादा म्हणायचे आणि तो सगळ्यांना साहेब. एकदा पंपाच्या खोलीबाहेर बिडी विझवत तो मला म्हणाला, ‘साहेब, टाकायचं काई नाई आता. मोटर बंद करू नका म्हणावं, बस.’

मोटर! त्या शब्दाने सगळ्याचा उलगडा झाला. मार्चमध्ये लाइट बिल पाहून समितीने एक ठराव केला होता, पूलचा पंप सकाळी दोन तास चालवायचा. बचत म्हणून टाळ्याही पडल्या होत्या. आमचा पंप दोन हॉर्सपॉवरचा. दीड लाख लिटर पाणी फिल्टरमधून एकदा फिरवायला त्याला सहा-सात तास लागतात. म्हणजे दोन तासांत तिसरा हिस्सासुद्धा फिरत नव्हता. त्यातही एक गंमत आहे, ती दादाला अनुभवाने ठाऊक होती. १९२६ साली गेज आणि बिडवेल या दोघांनी ती आकड्यांत मांडली. गाळलेलं पाणी वेगळ्या भांड्यात जात नाही, त्याच पूलमध्ये परत येतं आणि गढुळात मिसळतं. त्यामुळे पाण्याइतकी एक पूर्ण फेरी झाली तरी प्रत्यक्षात ६३ टक्केच पाणी फिल्टरमधून गेलेलं असतं. दोन फेऱ्यांना ८६, तिसरीला ९५, चौथीला ९८. शंभर कधीच नाही. चार फेऱ्या म्हणजे रात्रंदिवस पंप.

हे मांडल्यावर खजिनदारांनी मोबाइलवर हिशेब केला. दीड किलोवॉट, चोवीस तास, दिवसाला ३६ युनिट. त्यांचा चेहरा पडला. मग मी त्यांना तुरटी, सोडा, ब्लीचिंग पावडर आणि इंटरनेटवरून मागवलेल्या एका निळ्या बाटलीची बिलं पुढे सरकवली. पण खर्च हा खरा अडसर नव्हता. पंप चालू ठेवण्यात करण्यासारखं काही नसतं, हा खरा अडसर होता. पोतं फोडून पाण्यात ओततानाचा फोटो ग्रुपवर टाकता येतो, खाली वीस जण अंगठा वर करतात. आवाज करत उभ्या असलेल्या पंपाचा फोटो काय टाकणार? ‘समिती काय करते आहे?’ असं कोणी विचारलं तर ‘समिती थांबली आहे’ हे उत्तर पुढच्या निवडणुकीत चालत नाही.

ठराव झाला. दादाने आपल्या पद्धतीने सगळं केलं. आधी एका रात्री पंप बंद, मोजून तुरटी, आणि दोन्ही दरवाजांना कुलूप. खजिनदारांची काठी त्याने घरी नेली. सकाळी तळाशी राखाडी साय धरल्यासारखा गाळ बसला होता. मग ब्रश लावलेला लांब दांडा आणि पाइप घेऊन, पाण्याला धक्काही न लावता, इंचाइंचाने तो गाळ ओढून घेतला. हे पाणी फिल्टरमध्ये जाऊ द्यायचं नसतं, नाहीतर गाळ वाळूतून पार होऊन परत पूलमध्ये येतो. फिल्टरच्या डोक्यावर सहा खुणांचा दांडा असतो, तो ‘वेस्ट’वर फिरवून सगळं गटारात. पाणी चार बोटं उतरलं, टँकर मागवला. त्यानंतर पंप जो सुरू झाला तो कोणी बंद करू नये म्हणून दादाने बटणावर चिकटपट्टी लावली. फिल्टर धुवायचा उत्साहही त्याने आवरला. दाबाचा काटा दहा पौंड चढेपर्यंत बॅकवॉश करायचा नाही, कारण वाळू थोडी मळलेली असली की जास्त बारीक गाळते. हे ऐकून बी विंगच्या काकूंना धक्का बसला. त्या रोज धुवा म्हणत होत्या.

पाणी निवळत गेलं ते अर्थात कोणाला दिसलं नाही, कारण रोज पाहणाऱ्याला ते दिसत नाही. एके दिवशी जाळी दिसली. मग जाळीचे स्क्रू. मग ते नाणं, दोनचं निघालं. श्रेय मात्र वाटलं गेलं. तुरटीवाले म्हणाले तुरटीचा गुण, सोडावाले म्हणाले सोड्याने पाया घातला. शेवग्याच्या बियांच्या बाईंनी गुपचूप ओंजळभर बिया टाकल्या होत्या असं नंतर कळलं. त्यांच्या मते खरं काम त्यांनीच केलं.

रविवारी पूल उघडला. मुलं पाण्यात, मोठी माणसं काठावर, आणि सेक्रेटरी गुडघ्यावर हात टेकून तळाकडे बघत उभे. इतकं स्वच्छ पाणी आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं, त्यामुळे तळाच्या अकरा फरशांना तडे गेलेत आणि खोल बाजूच्या दोन तर जागेवरच नाहीत, हेही कोणी पाहिलं नव्हतं. तिथल्या तिथे चर्चा सुरू झाली. बिल्डरला नोटीस पाठवायची की सिंकिंग फंडातून करायचं, यावर दोन तट पडले. संध्याकाळी फरशीवाला येऊन बघून गेला. काम दोन दिवसांचं आहे म्हणाला, फक्त आधी सगळं पाणी सोडून द्यावं लागेल.